शेअरपॉइंटमधून फाइल उघडताना: आमच्याकडे रोज विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्याजवळच्या एका मशीनिंगच्या कारखान्यात डॉक्युमेंट कंट्रोल बघतो. ड्रॉइंग, प्रोसेस शीट, इन्स्पेक्शन रिपोर्ट, कोटेशन, पीओ (परचेस ऑर्डर), सगळं शेअरपॉइंटवर, म्हणजे कंपनीच्या फाइली एकत्र ठेवायच्या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर आहे आणि फाइल उघडली नाही, भलतीच उघडली, उघडली पण सेव्ह झाली नाही, असं काहीही झालं की फोन मला येतो. तीच उत्तरं फोनवर दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो, आमच्या लोकांना तर लागेलच, पण शेअरपॉइंट किंवा वनड्राइव्ह वापरणाऱ्या कुणालाही चालेल.

वाचायच्या आधी एकच गोष्ट लक्षात घ्या. खाली जेवढे घोळ आहेत त्यातले निम्म्याहून जास्त एकाच कारणाने होतात, आपल्यासमोर उघडलेली फाइल सर्व्हरवरची मूळ फाइल आहे की आपल्या मशीनवर उतरलेली कॉपी आहे हे माणसाला माहीत नसतं. म्हणून मला फोन केलात तर मी पहिलं तेच विचारतो.

फाइलवर क्लिक केलं की ती ब्राऊजरमधेच उघडते, नेहमीच्या वर्ड एक्सेलमधे का नाही उघडत?

कारण शेअरपॉइंटचं डिफॉल्ट सेटिंगच तसं आहे. वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंटची फाइल क्लिक केली की ती वेबवाल्या वर्डमधे किंवा एक्सेलमधे उघडते. नुसतं वाचायचं असेल, दोन आकडे बदलायचे असतील तर ते चांगलंच आहे, मशीनवर काही उतरत नाही. पण मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणारा छोटा प्रोग्रॅम असलेली एक्सेल असेल तर ब्राऊजरमधे मॅक्रो चालत नाहीत, बटण दिसतं पण दाबून काही होत नाही. आमचं कॉस्टिंगचं शीट असंच आहे, त्यामुळे ते कायम डेस्कटॉप एक्सेलमधे उघडायचं.

एकेका फाइलसाठी करायचं तर नावापुढच्या तीन टिंबांवर क्लिक करा, ओपन, मग ओपन इन अॅप. पूर्ण लायब्ररीसाठी, म्हणजे फाइली ठेवलेल्या त्या अख्ख्या कप्प्यासाठी करायचं असेल तर लायब्ररी सेटिंग्जमधे अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज असतं, तिथे डॉक्युमेंट ब्राऊजरमधे उघडायचं की क्लायंट अॅप्लिकेशनमधे हे निवडता येतं. हे साइटच्या ओनरलाच दिसतं, तुम्हाला नाही दिसलं तर मला सांगा.

ओपन इन अॅप दाबलं तरी काहीच होत नाही, नुसतं पान तसंच राहतं.

आतमधे काय होतं ते सांगतो म्हणजे कळेल. ब्राऊजर स्वतः वर्ड उघडत नाही, तो विंडोजला एक खास प्रकारची लिंक देतो, जशी वेबसाइटची लिंक एचटीटीपीएसने सुरू होते तशी ही एमएस-वर्ड किंवा एमएस-एक्सेल या शब्दाने सुरू होते, आणि त्यात फाइलचा पत्ता आणि वाचायला उघडायची की बदलायला एवढं लिहिलेलं असतं. विंडोज ती लिंक बघून वर्ड सुरू करतं आणि मग वर्ड थेट सर्व्हरकडून फाइल मागून घेतं. मधे ब्राऊजर एक छोटी खिडकी दाखवतो, वर्ड उघडू का म्हणून. ती कुणीतरी घाईत कॅन्सल करतो किंवा ती दुसऱ्या खिडकीमागे राहते, तेव्हा काहीच होत नाही असं वाटतं. ती खिडकी आली की ओपन दाबा आणि नेहमी परवानगी द्यायच्या चौकटीत टिक करा, म्हणजे पुन्हा विचारणार नाही.

तरीही नाही झालं तर मशीनवर ऑफिस नीट बसलंय का आणि डेस्कटॉप वर्डमधे कंपनीच्या अकाउंटने साइन इन आहे का हे बघा. वर्डच्या उजव्या कोपऱ्यात नाव दिसतं. ब्राऊजरमधे कंपनीचं अकाउंट आणि वर्डमधे घरचं असं असलं की वर्ड दारातच अडतो.

मी फाइल डाउनलोड करूनच उघडतो, त्यात काय बिघडलं?

याचं उत्तर मोठं आहे आणि मला सगळ्यात जास्त कळकळीने हेच सांगायचंय.

डाउनलोड केलं की त्या क्षणापासून फाइल दोन झाल्या. एक सर्व्हरवर, एक तुमच्या डाउनलोड्स फोल्डरमधे, आणि दोघींचा एकमेकींशी काही संबंध उरला नाही. तुम्ही बदल केला तो सर्व्हरवर जात नाही, दुसऱ्याने सर्व्हरवर बदल केला तो तुमच्याकडे येत नाही. आठ दिवसांनी तीच फाइल लागली की माणूस सर्व्हरवर जात नाही, डाउनलोड्समधली उघडतो, कारण ती हाताशी असते.

आमच्याकडे हे प्रत्यक्ष झालं. एका पार्टच्या ड्रॉइंगचं रेव्हिजन ०२, म्हणजे दुसरी सुधारित आवृत्ती, सुपरवायझरने डेस्कटॉपवर काढून ठेवलं होतं, रोज कुठे शोधत बसायचं म्हणून. नंतर कस्टमरने बोअरचा टॉलरन्स, म्हणजे भोकाच्या मापात चालणारा फरक बदलला, रेव्हिजन ०३ सर्व्हरवर आलं, सगळ्यांना मेलही गेला. शिफ्टला प्रिंट निघाली ती डेस्कटॉपवरच्या फाइलची. ६४ नग स्क्रॅप झाले. त्या माणसाने आळस केला नव्हता, उलट काम पटकन व्हावं म्हणूनच फाइल जवळ ठेवली होती, आणि मीही त्याला कधी नीट सांगितलं नव्हतं की असं ठेवू नका. त्या दिवसापासून नवीन माणूस आला की मी पहिल्या दिवशी हे सांगतो.

ऑडिटमधेही हेच विचारतात. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्तेच्या मानकाचं ७.५ कलम डॉक्युमेंटबद्दलच आहे, जिथे लागेल तिथे आणि लागेल तेव्हा बरोबर डॉक्युमेंट मिळालं पाहिजे आणि कुठलं रेव्हिजन चालू आहे यावर कंट्रोल पाहिजे. ऑडिटर थेट मशीनपाशी जाऊन ऑपरेटरच्या हातातल्या ड्रॉइंगचा रेव्हिजन नंबर बघतो आणि मग आपल्याला सिस्टिममधलं उघडून दाखवायला सांगतो.

म्हणून फाइल जागेवरच उघडा. रोज लागणारी असेल तर तिची लिंक ब्राऊजरमधे बुकमार्क करा, किंवा लायब्ररीत ती फाइल वर पिन करून घ्या. जवळ ठेवायचीच असेल तर लिंक ठेवा, फाइल नको. कस्टमरला पाठवायला किंवा इंटरनेट नसलेल्या जागी न्यायला डाउनलोड करावंच लागतं ते ठीक आहे, पण काम झालं की ती कॉपी डिलीट करा.

आत्ता उघडलेली फाइल मूळ आहे की कॉपी हे ओळखायचं कसं?

वर्ड किंवा एक्सेलच्या अगदी वरच्या पट्टीत फाइलचं नाव असतं, त्यावर क्लिक करा. लोकेशनमधे साइटचं आणि लायब्ररीचं नाव दिसलं तर मूळ. डाउनलोड्स, डेस्कटॉप असलं काही दिसलं तर कॉपी. डावीकडे ऑटोसेव्हचं बटण चालू आहे का तेही बघा, ते चालू असेल तर फाइल सर्व्हरवरची आहे. बंद असेल तर मात्र तेवढ्यावरून ठरवू नका, कुणीतरी मुद्दाम बंद केलेलं असू शकतं, लोकेशन बघाच.

मेलमधली अटॅचमेंट उघडून दोन तास काम केलं, सेव्ह केलं, आता फाइल कुठेच नाही.

क्लासिक आउटलुकमधे अटॅचमेंटवर डबल क्लिक केलं की ती विंडोजच्या एका लपलेल्या टेम्पररी फोल्डरमधे उतरते आणि तिथून उघडते. तुम्ही केलेलं सेव्ह तिथे जातं, मेलमधली अटॅचमेंट जुनीच राहते आणि शेअरपॉइंटला तर यातलं काही माहीतच नसतं. लगेच लक्षात आलं तर कॉम्प्युटर बंद करू नका, क्लीनअप वगैरे काही चालवू नका, वर्ड किंवा एक्सेल उघडून रीसेंटच्या यादीत ती फाइल दिसते का बघा, बऱ्याचदा दिसते, उघडली की आधी योग्य जागी सेव्ह करा आणि मग पुढचं बघा. नाही दिसली तर मला बोलवा, लपलेल्या फोल्डरमधे शोधून बघू.

मूळ उपाय असा की आपापसात अटॅचमेंट पाठवायचीच नाही, लिंक पाठवायची. पाच जणांना अटॅचमेंट पाठवली की पाच कॉप्या होतात आणि पाचही जण आपापले बदल करून परत पाठवतात, मग त्या जुळवत बसायचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं.

पिवळी पट्टी येते आणि टाइप करता येत नाही, प्रिंटही जात नाही.

ते प्रोटेक्टेड व्ह्यू. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवर विंडोज एक खूण करून ठेवतं, आपल्याला ती फाइलमधे दिसत नाही पण ऑफिसला दिसते, आणि मग ऑफिस ती फाइल सावधपणे उघडतं. म्हणून ही पट्टी दिसली की आधी स्वतःला विचारा, मी डाउनलोड केलेली कॉपी तर उघडली नाही ना? बहुतेक वेळा उत्तर हो असतं. फाइल ओळखीची असेल तर एनेबल एडिटिंग दाबा.

लाल पट्टी आली तर मात्र थांबा. ती मॅक्रोबद्दल असते. २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो ऑफिस स्वतःहून अडवतं. प्रॉपर्टीजमधे जाऊन अनब्लॉक करायची सोय आहे, यूट्यूबवर बघून लोक करतातही, पण सप्लायरकडून आलेल्या अनोळखी एक्सेलला असं करू नका. आधी मला दाखवा, किंवा पाठवणाऱ्याला फोन करून विचारा की यात मॅक्रो का आहे.

फाइल लॉक आहे म्हणतंय आणि ज्याने लॉक केली त्याचं नाव म्हणून माझंच नाव दाखवतंय!

हे अगदी नेहमीचं आहे. तुमच्या नावाने फाइल कुठेतरी उघडी राहिली आहे. दुसऱ्या मशीनवर, मीटिंग रूमच्या लॅपटॉपवर, मोबाइलवर, किंवा वर्ड हँग होऊन बंद झालं पण मागे चालूच राहिलं. टास्क मॅनेजर उघडून वर्ड किंवा एक्सेल तिथे दिसतं का बघा, दिसलं तर एंड टास्क करा, पण त्याआधी बाकीच्या उघड्या फायली सेव्ह करा कारण त्याही बंद होतील. फाइल एक्स्प्लोररमधे उजवीकडे प्रिव्ह्यू दिसत असेल तर तोही बंद करा, तोसुद्धा फाइल धरून ठेवतो.

आणि मग दहा मिनिटं थांबा. सर्व्हर उघड्या फाइलवर जे तात्पुरतं लॉक लावतो ते साधारण १० मिनिटांचं असतं, फाइल नीट बंद न होता मशीन बंद पडलं तर तेवढा वेळ गेल्यावर ते आपोआप सुटतं. या दहा मिनिटांत लोक घाबरून फाइलची कॉपी करतात, नावापुढे नवीन, फायनल, फायनल २ असं लावतात आणि काम सुरू करतात, आणि तिथून पुढे दोन फाइलींचं लफडं सुरू होतं. चहा पिऊन या, खरंच.

दोघांना एकाच वेळी एका फाइलमधे काम करता येतं ना, मग आमच्याकडे का नाही होत?

फाइल जुन्या प्रकारची असेल. डॉक किंवा एक्सएलएस अशा जुन्या एक्सटेंशनच्या फाइलींमधे एकत्र काम होत नाही, डॉकएक्स, एक्सएलएसएक्स लागतं. फाइल उघडून इन्फोमधे कन्व्हर्ट करा. दुसरं कारण म्हणजे कुणीतरी ती चेक आउट केलीय.

चेक आउट म्हणजे नक्की काय, आणि ते कधी करायचं?

लायब्ररीतून पुस्तक घरी नेल्यासारखं. तुम्ही चेक आउट केलंत की बदल फक्त तुम्हाला करता येतो, बाकीच्यांना आधीचीच फाइल दिसत राहते, तुमचे अर्धवट बदल दिसत नाहीत. चेक इन केलं की सगळ्यांना नवीन दिसते. आमच्याकडे प्रोसेस शीट आणि कंट्रोल प्लॅनला चेक आउट सक्तीचं आहे कारण अर्धवट बदललेलं शीट शॉपवर जाणं परवडत नाही. कोटेशन, मिनिट्स, रोजचे रिपोर्ट यांना सक्ती नाही, तिथे दोघातिघांनी एकत्र लिहिणं सोयीचं पडतं आणि चेक आउट सक्तीचं केलं की ते बंद होतं.

एक गोष्ट फार जण विसरतात. चेक आउट सक्तीच्या लायब्ररीत तुम्ही नवीन फाइल टाकली आणि एकदाही चेक इन केली नाही तर ती तुमच्याशिवाय कुणालाही दिसत नाही. तुम्ही म्हणता मी कालच अपलोड केली, समोरचा म्हणतो फोल्डर रिकामा आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात. तो माणूस सुट्टीवर गेला असेल किंवा नोकरी सोडून गेला असेल तरी साइटच्या ओनरला लायब्ररी सेटिंग्जमधून अशा फायली आपल्या ताब्यात घेता येतात, त्यामुळे घाबरू नका, पण सुट्टीवर जायच्या आधी चेक इन करून जा ही हात जोडून विनंती.

जुनं कोटेशन उघडून त्यावर नवीन बनवत होतो, सेव्ह केलंच नव्हतं, तरी जुनं बदललं.

ऑटोसेव्हमुळे. सर्व्हरवरची फाइल डेस्कटॉप ऑफिसमधे उघडली की ऑटोसेव्ह आपोआप चालू असतो आणि तुम्ही टाइप करता तसतसं मूळ फाइलमधे जात राहतं. पूर्वीची सवय अशी की जुनी फाइल उघडायची, हवं ते बदलायचं आणि शेवटी सेव्ह अॅज करून नवीन नाव द्यायचं. ही सवय आता मोडायलाच हवी. उघडल्या उघडल्या पहिलं काम सेव्ह अ कॉपी, मग बदल. सेव्ह अॅज दिसत नाही म्हणून फोन येतात, त्याच्या जागी हेच बटण असतं.

झालेलं नुकसान भरून निघतं. फाइलच्या नावावर क्लिक करून व्हर्जन हिस्टरी उघडा, तारीख वेळ बघून जुनं व्हर्जन उघडून खात्री करा आणि रीस्टोअर करा. रीस्टोअर केल्याने मधली व्हर्जन्स पुसली जात नाहीत, जुनं व्हर्जन सगळ्यात वर नवीन व्हर्जन म्हणून येऊन बसतं. म्हणजे तुमचं अर्धवट नवीन कोटेशनही हिस्टरीत असतंच, तेही काढून वेगळ्या नावाने ठेवता येतं. आमच्या लायब्ररीला ५०० व्हर्जन्सपर्यंत ठेवायचं सेटिंग आहे.

ज्या फाइली फक्त बघायच्या आहेत, उदाहरणार्थ रेटचा मास्टर, त्या मी ऑलवेज ओपन रीड ओन्ली करून ठेवल्यात. बदलायची असेल तर मुद्दाम सांगावं लागतं, चुकून होत नाही.

सिंक केलेल्या फोल्डरमधे फाइल दिसते पण उघडत नाही, तिच्यापुढे ढगाचं चित्र आहे.

सिंक म्हणजे वनड्राइव्हने शेअरपॉइंटचा फोल्डर तुमच्या मशीनवरच्या फोल्डरशी जुळवून ठेवणं. निळा ढग म्हणजे नाव तुमच्या मशीनवर आहे पण फाइल अजून सर्व्हरवरच आहे, डबल क्लिक केलं की ती तेव्हा उतरते. नेट नसेल तर उघडणार नाही. पांढरा गोल आणि त्यात हिरवी टिक म्हणजे एकदा उतरलीय, पण जागा कमी पडली तर विंडोज पुन्हा काढू शकतं. पूर्ण हिरवा गोल आणि त्यात पांढरी टिक म्हणजे कायम मशीनवर राहणार. कस्टमरकडे किंवा साइटवर जाताना जे फोल्डर लागणार आहेत त्यांच्यावर राइट क्लिक करून ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस आदल्या दिवशी करा, निघायच्या पाच मिनिटं आधी केलं तर अर्ध्या फायली ढगातच राहतात.

सिंकमधून उघडलेली फाइल डाउनलोडसारखी सुटी कॉपी नसते, बदल सर्व्हरवर जातात. फक्त वनड्राइव्हचं ते टास्कबारवरचं चिन्ह चालू आहे, पॉज नाही, लाल क्रॉस नाही, हे बघत जा. सिंक तीन आठवडे बंद पडलेलं आणि माणूस निवांत काम करतोय असं मी बघितलंय. तशात दोघांनी वेगवेगळे बदल केले असतील तर दोन फायली तयार होतात आणि एकीच्या नावामागे कॉम्प्युटरचं नाव लागतं. अशी फाइल दिसली की डिलीट करू नका, आधी दोन्ही उघडून बघा.

मराठी पत्र उघडलं की सगळी अक्षरं इंग्रजी चिन्हांसारखी दिसतात.

हा प्रश्न खास आपला आहे. आपल्याकडची कितीतरी जुनी पत्रं, ग्रामपंचायतीचे दाखले, युनियनबरोबरचे करार, स्थायी आदेश हे श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधे टाइप केलेले आहेत. या फॉन्टमधे फाइलच्या आत खरं मराठी अक्षर नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी आकार देतो. ज्या मशीनवर तो फॉन्ट आहे तिथे पत्र छान दिसतं. ब्राऊजरमधल्या वर्डकडे तो फॉन्ट नसतो म्हणून आतलं खरं जे आहे तेच दिसायला लागतं. फाइल बिघडलेली नाही, कुणीही ती डिलीट करू नका!

तात्पुरता उपाय म्हणजे ज्या मशीनवर फॉन्ट आहे तिथे डेस्कटॉप वर्डमधे उघडायची. पीडीएफ करून ठेवली की फॉन्ट पीडीएफच्या आत जातो आणि सगळीकडे नीट दिसते, पण सर्चमधे ती सापडत नाही, कारण तुम्ही सर्चमधे करार टाइप करता ते युनिकोडमधे, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांच्या सगळीकडे चालणाऱ्या कोडमधे, आणि आत अजूनही ते जुनेच कोड आहेत. कॉपी करून दुसरीकडे टाकलं तरी तीच चिन्हं येतात.

कायमचा उपाय युनिकोडमधे कन्व्हर्ट करणं. कन्व्हर्टर मिळतात, पण प्रत्येक फॉन्टचे कोड वेगळे असल्यामुळे नेमका फॉन्ट कुठला हे आधी बघावं लागतं, आणि कन्व्हर्ट झाल्यावर माणसाने वाचून काढावंच लागतं. रफार, जोडाक्षरं, पहिली वेलांटी इथे चुका राहतात. मी गेल्या वर्षभरात आमचे स्थायी आदेश आणि सगळे करार असे करून घेतले, संध्याकाळी थांबून एकेक ओळ मूळ कागदाशी ताडून. आता कामगाराने विचारलं की रजेचा नियम कुठे लिहिलाय तर सर्चमधे रजा टाकलं की समोर येतं. मूळ जुनी फाइलही त्याच फोल्डरमधे ठेवली आहे, सही केलेला दस्तऐवज तोच आहे.

नवीन काही मराठीत टाइप करणार असाल तर युनिकोडच, निर्मला फॉन्ट विंडोजमधे असतोच.

मग फाइलचं नाव मराठीत ठेवलं तर चालेल का?

चालतं, उघडतंही. अडचण लिंकची होते. देवनागरीचं एक अक्षर लिंकमधे जाताना नऊ चिन्हांचं होतं, काना, वेलांटी, हलन्त हे सुद्धा वेगळं अक्षर म्हणून धरलं जातं. पगारपत्रक एवढाच शब्द घेतला तर ९ गुणिले ९ म्हणजे ८१ चिन्हं. लांबलचक लिंक व्हॉट्सअॅपवर किंवा जुन्या मेलमधे मधेच तुटते आणि समोरच्याला फाइल सापडत नाही म्हणतं. त्यामुळे नावाची लिंक कॉपी करण्याऐवजी शेअर बटणातून कॉपी लिंक करा, ती सहसा आटोपशीर येते. आणि नाव मराठीत ठेवलं तर आकडे एका प्रकारचे ठेवा, काही ठिकाणी मराठी आणि काही ठिकाणी इंग्रजी आकडे घातले की फायली क्रमाने लागत नाहीत.

नावात " * : < > ? / \ | ही चिन्हं चालत नाहीत. पीओ नंबरमधे तिरकी रेघ असते तिथे आम्ही आडवी रेघ घालतो.

आणि फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असं करू नका. शेअरपॉइंटला पूर्ण पत्ता ४०० अक्षरांपर्यंत चालतो, पण एक्सेल २१८ च्या पुढे कुरकुर करतं आणि विंडोजची जुनी मर्यादा २६० ची आहे. म्हणजे ब्राऊजरमधे उघडणारी फाइल सिंक फोल्डरमधून उघडेलच असं नाही. फोल्डरचं नाव कस्टमरच्या पूर्ण नावाऐवजी कोडने ठेवलं की हा त्रास जातो.

ऑटोकॅडचं ड्रॉइंग उघडलं पण अर्धं रिकामं दिसतं.

एक्सरेफ, म्हणजे बाहेरून जोडलेली ड्रॉइंग, सापडत नाहीयेत. असेंब्लीच्या ड्रॉइंगमधे दुसऱ्या ड्रॉइंगचे फक्त पत्ते असतात. तुम्ही एकटी फाइल डाउनलोड केली, बाकीच्या सर्व्हरवरच राहिल्या, मग ती कुठून आणणार. पूर्ण फोल्डर सिंक करून तिथून उघडा, एक्सरेफचे पत्ते रिलेटिव्ह ठेवा आणि बाहेर पाठवायचं असेल तर ऑटोकॅडमधल्या ई-ट्रान्समिटने पूर्ण गठ्ठा करून पाठवा. ड्रॉइंगमधे वर्डसारखं दोघांनी एकत्र काम होत नाही, म्हणून आधी चेक आउट. एकमेकांना लिंक केलेल्या एक्सेलचंही हेच आहे.

पीडीएफवर डिजिटल सही आहे पण पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं.

आधी ब्राऊजरमधून बाहेर या. शेअरपॉइंट पीडीएफ ब्राऊजरमधे दाखवतं ते वाचण्यापुरतं, सही तपासायला ती अॅक्रोबॅट रीडरमधे उघडा, नेट चालू ठेवून. प्रश्नचिन्हाचा अर्थ सही खोटी असा नाही, तुमच्या रीडरला सही देणाऱ्या संस्थेची ओळख नाही एवढाच. भारतात या सगळ्याच्या मुळाशी सीसीए इंडियाचं, म्हणजे डिजिटल सह्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयाचं सर्टिफिकेट असतं. सहीवर राइट क्लिक करून सिग्नेचर प्रॉपर्टीज, तिथून सर्टिफिकेट दाखवा, साखळीत सगळ्यात वरचं सीसीए इंडिया निवडा आणि ट्रस्ट टॅबमधे जाऊन ते विश्वासू यादीत घाला, मग पुन्हा व्हॅलिडेट करा. एकदा केलं की त्या मशीनवर पुढच्या वेळी करावं लागत नाही.

सही असलेली पीडीएफ प्रिंट टू पीडीएफ करून परत अपलोड करू नका. सहीचं चित्र राहतं, सही जाते.

पीडीएफ पासवर्ड मागते आणि पासवर्ड कुणालाच माहीत नाही.

ई-आधार असेल तर नावाची पहिली चार अक्षरं इंग्रजी कॅपिटलमधे आणि पुढे जन्माचं साल चार आकडी. मुळात कामगारांचे आधार सगळ्यांना उघडणाऱ्या लायब्ररीत असूच नयेत, कुठे दिसले तर मला लगेच कळवा, ते एचआरच्या बंद लायब्ररीत हलवतो. बाकीच्या पासवर्डवाल्या पीडीएफचा पासवर्ड फाइलच्या नावात लिहू नका, अपलोड करणाऱ्याचं नाव लायब्ररीत दिसतं, त्याला विचारा. आणि पासवर्ड असला की आतला मजकूर सर्चमधे येत नाही हे धरून चाला. स्कॅन केलेल्या पीडीएफचंही तसंच, ती म्हणजे फोटो, ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं, केल्याशिवाय त्यातलं अक्षर शोधता येत नाही.

लिंक उघडली तर परवानगी नाही म्हणतं, शेजारच्याला मात्र तीच लिंक उघडते.

दहापैकी सात वेळा तुम्ही ब्राऊजरमधे घरच्या अकाउंटने शिरलेले असता. खासगी विंडो उघडून तिथे लिंक टाका आणि कंपनीच्या अकाउंटने साइन इन करा, उघडली तर कारण तेच. नाही उघडली तर खरंच परवानगी नाही, त्याच पानावरून रिक्वेस्ट पाठवा, त्यात कुठल्या कामासाठी हवी तेवढं एक वाक्य लिहा म्हणजे मला फोन करून विचारावं लागत नाही. शेजाऱ्याला डाउनलोड करून द्यायला सांगू नका.

फाइल करप्ट आहे म्हणतं.

आधी साइज बघा. वीस पानांचं वर्ड आणि साइज दोन चार केबी असेल तर ती फाइल नाहीच, लॉगिन संपल्यामुळे फाइलऐवजी लॉगिनचं पान त्या नावाने उतरलंय. पुन्हा साइन इन करून उघडा. साइज बरोबर असेल तर कुणी एक्सटेंशन हाताने बदललंय का बघा, पीडीएफचं नाव बदलून डॉकएक्स केलं म्हणून ती वर्ड होत नाही. फाइल नोटपॅडमधे उघडली तर पीडीएफमधे सुरुवातीलाच पीडीएफ ही अक्षरं दिसतात आणि डॉकएक्समधे पी के दिसतं, कारण डॉकएक्स म्हणजे आतून झिप आहे आणि झिप बनवणारे फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं. नोटपॅडमधे बघून झालं की सेव्ह न करता बंद करा.

तेही ठीक असेल तर ऑफिसची कॅश, म्हणजे त्याने मशीनवर तात्पुरत्या साठवलेल्या प्रती, बिघडली असेल, वर्डच्या ऑप्शन्समधे सेव्हखाली कॅश सेटिंग्ज असतं, तिथून कॅश फायली डिलीट करा. अपलोड व्हायचं काही बाकी नाही ना हे आधी बघा. आणि शेवटी व्हर्जन हिस्टरीतून कालचं व्हर्जन उघडून बघा.

आमच्याकडे शेअरपॉइंट नाही, दुसरं सॉफ्टवेअर आहे, मग?

बटणांची नावं बदलतात. गूगल ड्राइव्हमधे एक्सेलची फाइल आहे तशी उघडून बदलता येते, पण सेव्ह अॅज गूगल शीट्स केलं की दुसरी वेगळी फाइल तयार होते आणि जुनी एक्सेल तिथेच राहते, लोक अर्धे एकीत आणि अर्धे दुसरीत काम करतात. अल्फ्रेस्को या डॉक्युमेंट ठेवायच्या सॉफ्टवेअरमधे एडिट ऑफलाइन केलं की सर्व्हरवरची फाइल लॉक होते आणि एक कॉपी तुमच्याकडे उतरते, काम झालं की अपलोड न्यू व्हर्जन करावंच लागतं, नुसतं सेव्ह करून भागत नाही. कुठलंही सॉफ्टवेअर असू दे, पहिल्या दिवशी एक टेस्ट फाइल घ्या, उघडा, एक शब्द बदला, सेव्ह करून बंद करा आणि शेजारच्याला त्याच्या मशीनवर उघडायला सांगा. त्याला तो शब्द दिसला तर तुम्ही मूळ फाइल उघडली होती.

फाइल कालपर्यंत उघडत होती, आज लिंकवर काहीच नाही.

कुणीतरी हलवली किंवा डिलीट केली. आधी साइटच्या सर्चमधे नाव टाका, मग रीसायकल बिन बघा. डिलीट झालेली फाइल ९३ दिवस राहते, साइटच्या बिनमधून कुणी काढून टाकली तरी त्याच ९३ दिवसांत दुसऱ्या बिनमधून साइटच्या अॅडमिनला ती परत आणता येते, आणि आणली की तिच्या आधीच्या जागी, जुन्या व्हर्जन्ससकट येते. म्हणून कुणाला विचारायला लाज वाटत असेल, आपणच चुकून डिलीट केली असेल, तरी लवकर सांगा. मी कुणी केली हे विचारणार नाही, फक्त फाइलचं नाव आणि साधारण कुठल्या दिवशी शेवटची उघडली होती तेवढं सांगा.